स्लोव्हाकिया : मोटारी लाखांनी, पण ‘आपली’ म्हणावी अशी एकही नाही?

नित्राकाठचा

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय. सांभाळून घ्या.

मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मध्यंतरी आठ महिने कामासाठी स्लोव्हाकियात नित्रा या गावी होतो. टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचा (जेएलआर) कारखाना तिथे २०१८ पासून आहे. डिफेंडर आणि डिस्कव्हरी तिथेच बनतात. बाणेर-बालेवाडीला ज्या चौकोनी डिफेंडर दिसतात, त्या तिथूनच बोटीने येतात.

आता आकडे बघा. देशाची लोकसंख्या चौपन्न लाख, म्हणजे आपला पुणे जिल्हासुद्धा यांच्यापेक्षा मोठा. कारखाने चार : ब्रातिस्लाव्हाला फोक्सवॅगन, त्र्नावाला पूर्वीची पेजो-सित्रोएन, झिलिनाजवळ किया आणि नित्राला जेएलआर. पाचवा व्होल्वोचा कोशित्सेजवळ उभा राहतोय. वर्षाला दहा लाखांच्या आसपास गाड्या, दर हजार माणसांमागे जवळपास दोनशे. माणशी हिशेब केला तर जगात पहिला नंबर.

आणि एवढं असून स्लोव्हाक नावाची एकही गाडी नाही. मालक जर्मन, फ्रेंच-इटालियन, कोरियन आणि आपण. शिफ्ट सुटली की बाहेर बसगाड्यांची रांग लागते. पार्किंगमध्ये दहा-पंधरा वर्षांच्या स्कोडा फाबिया. तिथल्या कुणाला विचारलं की खूश आहात का, तर खांदे उडवतात.

माझा प्रश्न असा : दुसऱ्यांच्या गाड्या जोडून देश किती पुढे जातो? त्यांचं नशीब म्हणायचं की सापळा? आणि आपल्या चाकण-शेंद्र्याने यातून काय घ्यायचं?

खारीबिस्किट

जावा-येझदीवाले हेच ना? बाबांकडे होती. किक मारायचा खटका आणि गिअरचा खटका एकच.

तिरपी_रेघ

नाही हो, जावा चेक. चेक वेगळे, स्लोव्हाक वेगळे. स्कोडापण चेक. स्लोव्हाक माणसाला चेक म्हणालात तर तो तुम्हाला हंगेरियन म्हणेल आणि त्याच्या दृष्टीने फिटंफाट होईल.

कोथरूडकर_काकू

आमच्या भूगोलाच्या पुस्तकात चेकोस्लोव्हाकिया होतं. राजधानी प्राग, लिहिलं की एक मार्क. हे वेगळे झाले कधी आणि भांडण कशावरून?

तिरपी_रेघ

काकू, १ जानेवारी १९९३. भांडण म्हणावं असं झालंच नाही. जनमत घेतलं नाही, दोन पंतप्रधानांनी बसून ठरवलं. केंद्राची मालमत्ता लोकसंख्येच्या प्रमाणात दोनास एक वाटून घेतली. गंमत नोटांची. चलन आधी सामाईकच ठेवू म्हणाले, ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच मोडलं. नव्या नोटा छापून झाल्या नव्हत्या, म्हणून जुन्या नोटांवर पोस्टाच्या तिकिटासारखी तिकिटं चिकटवली. दोघांची तिकिटं वेगळी : हे तिकीट असलेली नोट आमची, ते असलेली तुमची.

रिकामटेकडा

तिकीट! आमच्याकडे कुणीतरी चिप बसवली होती म्हणे. (दिवे घ्या.)

हिशोबनीस

धागाकर्त्याचा प्रश्न चांगला आहे, पण आजच्या स्लोव्हाकियाकडे बघून सुटणार नाही. १९९० पासून बघा.

कम्युनिस्ट काळात स्लोव्हाकियाचा मोठा उद्योग म्हणजे शस्त्रं. मार्टिन गावात रणगाडे, दुब्नित्सात तोफा. गिऱ्हाईक कोण, तर वॉर्सा करारातले देश आणि अरब राष्ट्रं. बर्लिनची भिंत पडली आणि गिऱ्हाईकच गेलं. त्यात राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी जाहीर केलं की आम्ही शस्त्रांचा धंदा आवरणार. प्रागमध्ये टाळ्या पडल्या, पण कारखाने होते स्लोव्हाकियात. मार्टिनमध्ये हजारोंची रोजी गेली. फाळणीच्या मुळाशी जी नाराजी होती, तिच्यात याचा वाटा मोठा आहे.

पुढे पंतप्रधान मेचियार यांची राजवट. कारखाने कवडीमोलाने आपल्या माणसांच्या घशात. कोशित्सेचा पोलाद कारखाना, देशातला सर्वांत मोठा, मेचियारच्याच मंत्रिमंडळात वाहतूकमंत्री राहिलेल्या गृहस्थांच्या ताब्यात गेला आणि १९९८ मध्ये कर्जं थकून गाळात रुतला. शेवटी २००० मध्ये यू.एस. स्टीलने घेतला. त्याआधी, मेचियारच्या काळात, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री ऑलब्राइट यांनी या देशाला युरोपच्या नकाशावरचं कृष्णविवर म्हटलं होतं. शेजारचे पोलंड, हंगेरी, चेक १९९९ मध्ये नाटोत गेले, हे बाहेर राहिले.

१९९८ मध्ये झुरिंदा पंतप्रधान झाले. २००१ च्या आसपास बेकारी १९ टक्के होती. पाच माणसांत एक रिकामा! अशा वेळी ‘आपला ब्रँड’ काढायला पैसा कुणाकडे होता? त्यांनी दारं उघडली. २००४ मध्ये आयकर, कंपनीकर, मूल्यवर्धित कर सगळं एकाच दराने, १९ टक्के. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपीय संघात प्रवेश. किया पोलंडला जायच्या बेतात होती ती इकडे वळली. पेजोचा कारखाना २००६ मध्ये सुरू. करोनाच्या आधी बेकारी सहा टक्क्यांच्या खाली आली होती.

याला सापळा म्हणायचं असेल तर असा सापळा विदर्भात कुणीतरी लावा.

ऊसकरी

शेवटच्या वाक्याला +१

दुहेरी_भिंग

हिशोबनीस, इतिहास बरोबर, हिशेब अर्धा.

एक तर तो एकाच दराचा कर २०१३ मध्येच गेला. पंतप्रधान फिको यांच्या सरकारने वरच्या उत्पन्नाला २५ टक्के लावले आणि कंपनीकरही वाढवला. तरी कारखाने पळाले नाहीत, उलट जेएलआर त्यानंतर आली. म्हणजे करामुळे आले हे अर्धसत्य. जर्मनीपासून जवळ, जर्मनीपेक्षा कितीतरी कमी पगारात, हाताला सवय असलेले फिटर-वेल्डर मिळत होते, हे खरं कारण. ते फिटर तयार केले कम्युनिस्टांच्या त्याच रणगाड्यांच्या कारखान्यांनी.

दुसरं म्हणजे निर्यातीचा आकडा. या देशाची निर्यात त्याच्या जीडीपीच्या नव्वद टक्क्यांच्या घरात. ऐकायला भारी. पण ब्रातिस्लाव्हात बनणाऱ्या ऑडी क्यू सेव्हनचं इंजिन हंगेरीतल्या ग्योरहून येतं, इलेक्ट्रॉनिक्स आणखी कुठून, आराखडा जर्मनीतून. गाडी बाहेर पडली की पूर्ण किंमत निर्यातीत धरतात, आत आलेला माल आयातीत. मधे उरतो तो पगार, वीज आणि थोडं भाडं. आमच्या इचलकरंजीत याला जॉबवर्क म्हणतात. सूत शेठचं, कापड शेठचं, माग आपला आणि खडखडाट आपला.

आणि दरडोई उत्पन्न? २००८ पर्यंत झपाट्याने चढलं, मग युरोपीय सरासरीच्या पाऊण हिश्श्यापाशी येऊन बसलं ते बसलंच. पंधराच्या वर वर्षं झाली.

हिशोबनीस

जॉबवर्कची उपमा मान्य. पण इचलकरंजी त्याच जॉबवर्कवर उभी राहिली, हेही लिहा की.

दुहेरी_भिंग

उभी राहिली. आता बसलीय. येऊन बघा.

झेटरवाला

आयडीवरून कळलंच असेल :) आमच्याकडे एचएमटीचा झेटर ट्रॅक्टर होता, २५११. आजोबांनी कर्ज काढून घेतला. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियाची, ब्र्नोची. पण झेटरचे मोठे, जड ट्रॅक्टर पुढे मार्टिनला हलवले होते, म्हणजे वर हिशोबनीस म्हणतायत त्याच रणगाड्याच्या गावात. थंडीत सुरू करायचा म्हणजे दोन माणसं आणि शिव्या. एकदा सुरू झाला की मात्र उसाची ट्रॉली घेऊन घाट चढायचा. भंगारात दिला तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत.

मुद्दा काही नाही. मार्टिन नाव वाचलं आणि राहवलं नाही.

बाकरवडी_इन_ब्रातिस्लाव्हा

अरे वा, आमच्या गावावर धागा आणि मला आज कळतंय!

मी इथे नऊ वर्षं आहे, नवरा आयटीत. आकड्यांचं वरची मंडळी बघतील, मी घरातलं सांगते.

व्हिएन्ना इथून साठ किलोमीटर. आमच्या ओळखीतले कितीतरी स्लोव्हाक सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियन खेड्यात राहतात, हाइनबुर्ग नाहीतर किटझे, आणि नोकरीला रोज ब्रातिस्लाव्हात येतात. तिकडे घर स्वस्त पडतं! गरीब देशाची राजधानी श्रीमंत देशाच्या खेड्यापेक्षा महाग. मी पण शनिवारी तिकडेच वाणसामान भरते. कपड्यांची पावडर, कॉफी, चॉकलेट. इथे सगळ्यांची ठाम समजूत आहे की त्याच नावाच्या पुड्यात आपल्याला हलका माल देतात. ही नुसती कुरकुर नव्हती, सरकारने तपासण्या केल्या, २०१७ मध्ये ब्रातिस्लाव्हात त्यावर मोठी परिषद भरली, नंतर युरोपीय संघाने नियमही केला. माझ्या शेजारीणबाईंचा अजून विश्वास नाही. त्या पुडा उलटा करून घटक वाचतात आणि मान हलवतात.

जानेवारी २०२५ पासून मूल्यवर्धित कर २० चा २३ टक्के झाला. त्याच एप्रिलमध्ये धंदेवाल्यांच्या बँक व्यवहारांवर वेगळा कर लागला. आमचा कोपऱ्यावरचा न्हावी तेव्हापासून म्हणतो, रोख द्या.

रिकामटेकडा

न्हावी सगळीकडे सारखेच. बाकरवडी मिळते का तिथे?

बाकरवडी_इन_ब्रातिस्लाव्हा

मी करते म्हणून मिळते. इथलं हालुश्की म्हणजे बटाट्याच्या पिठाचे छोटे गोळे, वर मेंढीचं ब्रिंझा चीज. खवय्यांनी यावं, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे असतात, शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं.

पावशेर

युरोचं कुणीच बोललं नाही? चेक, पोलंड, हंगेरी यांनी अजून स्वतःचं चलन ठेवलंय, यांनी १ जानेवारी २००९ ला युरो घेतला. बरोबर मंदीच्या तोंडावर. शेजाऱ्यांची चलनं धाडकन पडली आणि स्लोव्हाक लोक गाड्या भरभरून पोलंड-हंगेरीत खरेदीला गेले. स्लोव्हाकियातली दुकानं ओस. निर्यातदारांना मात्र फायदा : सुटे भाग युरोत, गाडी युरोत, चलनाची कटकटच नाही. सर्वांत मोठं गिऱ्हाईक जर्मनी असल्यावर आणखी काय पाहिजे?

ऊसकरी

जमिनी कशा मिळवल्या ते सांगा कुणीतरी. एवढे कारखाने काय ढगात बांधले?

नित्राकाठचा

ऊसकरी, हा भाग मी मुद्दाम राखून ठेवला होता.

तिथली जमीन पूर्वी हंगेरीच्या राज्यात होती. वारसा कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा. पिढ्यान्‌पिढ्या तुकडे होत गेले. कम्युनिस्टांनी सगळं सामुदायिक शेतीत घातलं, पण मालकी कागदावरून पुसली नाही. १९८९ नंतर कागद उघडले तर एकेका पट्टीवर डझनावारी नावं. निम्मे मेलेले, काही अमेरिकेत. आठवतंय का काही? मी माझ्या घरमालकांना आमचा सातबारा मोबाइलवर दाखवला, आजोबा-पणजोबांसकट एकोणतीस नावं. ते इतके खूश झाले की आतून बाटली घेऊन आले.

कियाच्या वेळी झिलिनाजवळच्या तेप्लिच्कात काही जमीनवाले अडून बसले होते, भावावरून. नित्रातही जेएलआरच्या वेळी कुरबुर झाली. सरकारला घाई, कंपनीला तारीख दिलेली.

ऊसकरी

म्हणजे रांजणगावच. आधी सही केली तो रडतो, शेवटी अडला तो बंगला बांधतो.

दुहेरी_भिंग

आणि एवढं करून सरकारने वर पैसेही मोजले. जेएलआरला साडेबारा कोटी युरोंची सरकारी मदत युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये मंजूर केली. कंपनीची गुंतवणूक एकशे चाळीस कोटी युरो, ठीक आहे. पण नवरामुलगा हुंडा घेऊनच येतो, हे लक्षात ठेवा.

तिरपी_रेघ

हुंडा दिला तरी मुलगी सुखात आहे का, हा मूळ प्रश्न. २०१७ च्या जूनमध्ये ब्रातिस्लाव्हाच्या फोक्सवॅगनमध्ये सहा दिवस संप झाला. कारखाना सुरू झाल्यापासूनचा पहिला. कामगारांचं म्हणणं साधं होतं : पोर्शे कायेन आम्ही बनवतो, जर्मनीतल्या माणसाच्या बरोबरीने बनवतो, मग पगार निम्म्याहूनही खाली का? पंतप्रधान फिको स्वतः कामगारांच्या बाजूने बोलले. टप्प्याटप्प्याने चौदा टक्क्यांची वाढ घेऊनच उठले. तोवर बेकारी उतरली होती, म्हणून जमलं. २००१ मध्ये असा संप कुणी केला नसता.

हिशोबनीस

तिरपी_रेघ, हे माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत. कारखाने आले, माणसं कमी पडू लागली, पगार चढला. असंच चढत जातं.

दुहेरी_भिंग

चढतं, आणि मग सर्बियातून, युक्रेनमधून माणसं आणतात. आता आपल्याकडूनही जातात.

कर्जत_लोकल

मुद्द्याचं बोला की. अमेरिकेच्या आयातशुल्काचं काय झालं? सगळ्या मोठ्या, महागड्या गाड्या बनवणारा देश म्हटल्यावर पहिला मार यांनाच.

पावशेर

बरोबर ओळखलंत. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी गाड्यांवर जादा २५ टक्के लावले. पुढे युरोपीय संघाशी तडजोड होऊन १५ वर आलं. पण ब्रिटनने आधीच वेगळा करार करून घेतला होता, वर्षाला एक लाख गाड्यांपर्यंत १० टक्के. आता मौज बघा : एकाच कंपनीची रेंज रोव्हर इंग्लंडमधून गेली तर १०, डिफेंडर नित्राहून गेली तर १५. ब्रेक्झिटनंतर युरोपात पाय असावा म्हणून नित्रा सोयीचं ठरेल असं सगळे म्हणत होते. आता अमेरिकेला गाडी पाठवताना तोच पाय अडकतो.

हिशोबनीस

शिवाय त्याच सप्टेंबरात जेएलआरवर सायबर हल्ला झाला आणि इंग्लंडबरोबर नित्राही महिनाभर थंड. चौपन्न लाखांच्या देशात एक कारखाना महिनाभर थांबला तर काय होतं, याचा विचार करा. इथे मात्र मी दुहेरी_भिंग यांच्या अर्ध्या बाजूने. सगळी अंडी एका टोपलीत आहेत, हे खरं.

दुहेरी_भिंग

तारीख लिहून ठेवतो.

रिकामटेकडा

समेट! धागा बंद करा.

बाकरवडी_इन_ब्रातिस्लाव्हा

थांबा, पूर्वेचं राहिलं. वर लिहिलेले चारही कारखाने देशाच्या पश्चिमेला आणि वायव्येला. प्रेशोव, कोशित्सेकडची पोरं इकडे येतात नाहीतर थेट चेकमध्ये. शिकायला तर ब्र्नो-प्राग, भाषा कळते, फी नाही, आणि गेलेली बरीच परत येत नाहीत. व्होल्वो कोशित्सेला येतेय याचं तिकडे म्हणूनच एवढं कौतुक. आणि ब्रातिस्लाव्हा ते कोशित्से महामार्ग? १९७३ पासून बांधतायत. झिलिनाजवळच्या एका बोगद्याचं खोदकाम १९९८ मध्ये सुरू केलं आणि पंचवीस वर्षांनीही तो तयार नव्हता.

कर्जत_लोकल

मुंबई-गोवा महामार्गवाल्यांनी कृपया उभं राहून मानवंदना द्यावी.

ऊसकरी

बसूनच देतो, खड्ड्यात उभं राहता येत नाही.

तिरपी_रेघ

अवांतर : शस्त्रांचं वर्तुळ पूर्ण झालंय, हे कुणी लिहिलं नाही. २०२२ नंतर दुब्नित्साचे तोफगोळ्यांचे कारखाने पुन्हा जोरात आहेत. फिको म्हणतात, सरकारी साठ्यातून युक्रेनला एक गोळी देणार नाही. पण खासगी कंपन्यांनी विकलं तर तो धंदा.

कोथरूडकर_काकू

राजकारण नको रे, छान चाललाय धागा. नित्राकाठचा, तुमच्या त्या घरमालकांचं सांगा की. बाटली काढली, पुढे?

नित्राकाठचा

काकू, प्रश्न मीच विचारला होता, आता मलाच थोडं उत्तर द्यावं लागेल.

घरमालक सत्तरीचे. मूळचे मार्टिनचे, रणगाड्यांच्या कारखान्यात वेल्डर. १९९२ मध्ये घरी बसले. मग बांधकामावर, मग पहारेकरी. बायको मात्र ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांच्या सेवेला जायला लागली. तिथे ही पद्धतच आहे : दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी, मग दुसरी बाई तिच्या जागी. हजारो बायका अशा जातात. ऑस्ट्रियाने २०१९ मध्ये या बायकांच्या मुलांचा भत्ता कापला, ‘मुलं स्वस्त देशात राहतात’ म्हणून. २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. बाईंना थकबाकी मिळाली. त्यातून स्वयंपाकघराची फरशी बदलली, ती मला दाखवली.

सोळा वर्षं त्यांच्या घरात कॅलेंडरवर दोन रंगांच्या रेघा होत्या. निळी म्हणजे आई घरी. मुलगी त्यात वाढली. आज ती कारखान्यात लाइनवर टीम लीडर आहे, रोज संध्याकाळी घरी येते. वर्षातून एकदा क्रोएशियाला समुद्रावर जाते. ती म्हणाली, गाडी कुणाची आहे याने मला काय फरक पडतो, माझ्या पोराला दोन रंगांचं कॅलेंडर माहीत नाही.

म्हातारा शेजारी बसून ऐकत होता. मला म्हणाला, आम्ही बनवलेला रणगाडा दिसला की मी लांबून ओळखतो, वेल्ड बघून. मग मुलीला विचारलं, तू तुझी गाडी ओळखशील का?

ती हसली. म्हणाली, वेल्डिंग रोबो करतो बाबा.

हिशोबनीस

_/\_

दुहेरी_भिंग

हिशोबनीस, ती तारीख मी खोडली. तुमची-माझी दोघांचीही बाजू त्या मुलीने घेतली नाही.

चाकणचं मात्र राहिलंच. तुमच्या कंपनीत डिझाइनला किती माणसं आहेत आणि लाइनवर किती?

नित्राकाठचा

डिझाइनला अकरा. लाइनवर साडेचारशे, त्यातले तीनशे कंत्राटी. उद्या पहिली शिफ्ट आहे, बाकीचं रविवारी लिहितो.

झेटरवाला

त्या म्हाताऱ्यांना विचाराल का, मार्टिनच्या ट्रॅक्टरचे पार्ट अजून कुठे मिळतात? मी एक जुना बघून ठेवलाय.